नंबर कुणाच्या नावावर?

सप्टेंबर ते डिसेंबर २०२५ या चार महिन्यांत जळगाव-धुळ्याच्या गावोगावच्या सेतू केंद्रांपुढे बायकांच्या रांगा होत्या. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये पुढेही मिळत राहावेत म्हणून ई-केवायसी सक्तीची झाली होती. पद्धत अशी की आधी बाईचा आधार क्रमांक टाकायचा; तिच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार. तो टाकल्यावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा दुसरा ओटीपी. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे की नाही हे तपासण्यासाठी हे सारे, असे सरकारचे म्हणणे.

योजनेच्या राजकारणाविषयी स्वतंत्रपणे लिहिता येईल. आज मला त्या ओटीपीबद्दल लिहायचे आहे. कारण रांगेतल्या कितीतरी जणींच्या स्वतःच्या आधारला जोडलेला नंबरही त्यांचा नव्हता. कुणाचा दिराचा, कुणाचा मुलाचा, कुणाचा सुरतेला कामाला गेलेल्या नवऱ्याचा. ओटीपी काही मिनिटांतच संपतो, आणि सुरतेचा माणूस पाळीवर असला तर फोन उचलत नाही. विधवा आणि घटस्फोटित बायकांची अडचण पुढे आल्यावर सरकारने त्यांच्यासाठी वेगळी सोय केली. पण तिला मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद लागतो. नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईकडे या दोन्हींपैकी काहीच नसते. माहेरी वडीलही नसतील तर तिने काय करायचे? ज्याने घराबाहेर काढले त्याच्याच मोबाईलवर तिच्या हक्काचा आकडा येणार, आणि तो तिने त्याच्याकडे मागायचा. परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण इतकी वर्षे परिषदा घेतल्या, मोर्चे काढले. तोच प्रश्न आता मोबाईलच्या वाटेने पुन्हा दारात आला आहे.

हे खानदेशात घडावे यात एक विशेष आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आला, तो टेंभली गावच्या रंजना सोनवणे यांना. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेला हा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला टेंभलीत आले होते. म्हणजे ओळखीच्या या नव्या व्यवस्थेचा आरंभ आपल्याच भागातल्या एका बाईच्या नावाने झाला. पंधरा वर्षांनंतर याच भागातली बाई आपली ओळख पटविण्यासाठी दुसऱ्याच्या खिशातल्या फोनची वाट पाहत उभी होती.

यावर सगळीकडून एकच उपाय सुचविला जातो: नव्या पिढीला, विशेषतः मुलींना, डिजिटल कौशल्ये शिकवा. उपाय बरोबरच आहे. परंतु आजवर काय शिकविले गेले आणि त्यातून मुलीच्या हाती काय उरले, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, आणि अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्री अशा तालुक्याच्या गावी संगणकाचे क्लास निघाले. ज्या घरांत फी भरण्याची आणि मुलीला एसटीने तालुक्याला पाठविण्याची ऐपत व तयारी होती, तिथल्या मुली शिकल्या. शेतमजुरांच्या, ऊसतोड कामगारांच्या मुली बहुतेक बाहेरच राहिल्या.

धुळे जिल्ह्यात याहून वेगळा प्रयत्न झाला. अमेरिकेत नोकरी करणारे धुळ्याचेच हर्षल विभांडिक यांनी गावोगाव संध्याकाळच्या सभा घेतल्या, लोकांना वर्गणीचे आवाहन केले, आणि २०१५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या वर शाळा डिजिटल झाल्या. मजुरी करणाऱ्या आईबापांनीही आपल्या गावच्या मराठी शाळेसाठी पैसे दिले, ही मोलाची गोष्ट आहे. सरकारी शाळा ही आपली शाळा, ही भावना त्यातून परत आली. पण भिंतीवरच्या पडद्यावर धडा पाहणे वेगळे आणि यंत्र आपल्या हाती घेऊन त्यावर आपले काम करणे वेगळे. शिवाय जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत चौथी-सातवीला संपते, आणि मुलीच्या आयुष्यातला कठीण काळ नेमका तिथूनच सुरू होतो.

तिसरा प्रयत्न केंद्र सरकारचा. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये सुरू झाले आणि ३१ मार्च २०२४ रोजी संपले. १४ ते ६० वयाची घरटी एक व्यक्ती, वीस तासांचे शिक्षण, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. सहा कोटींचे लक्ष्य होते, ते ओलांडले गेले. त्यात मुली-बायकाही मोठ्या संख्येने होत्या. पण 'घरटी एक साक्षर' या हिशेबामागे एक गृहीत आहे: घरातल्या एकाला आले म्हणजे ते सगळ्या घराचे झाले. स्त्री चळवळीला हे गृहीत जुने ओळखीचे आहे. घरातल्या एकाच्या नावावर जमीन म्हणजे सगळ्यांची जमीन, एकाच्या हातात मजुरी म्हणजे सगळ्यांची मजुरी, असेच आजवर सांगितले गेले. घराच्या आत वाटणी कशी होते हे कुणी विचारत नाही. फोनचीही वाटणी तशीच होते.

मुलींच्या गटात मी हा प्रश्न विचारते तेव्हा उत्तरे ठरलेली असतात. फोन कुणाचा? भावाचा. दिवसा कुणाजवळ? भावाजवळ. तुला कधी मिळतो? एका मुलीने अहिराणीत सांगितले, "मोबाईल भाऊना शे, माले फक्त चार्जिंगले लावाले देतस." सगळ्या हसल्या, कारण प्रत्येकीच्या घरी तेच होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला, तेव्हा एका फोनवर तीन भावंडे असली तर कुणाचा तास आधी हे सांगायला नको. मुलगी त्या वेळी भाकरी करीत होती, धाकट्याला सांभाळत होती, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला जात होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे हेच सांगतात. देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका शंभरात ३३, पुरुष ५७. महाराष्ट्र पुढारलेला म्हणावा तर इथेही बायका ३८ आणि पुरुष ६१. त्याच पाहणीत धुळे जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. मुलगी सातवी-आठवीनंतर चार गोष्टी शिकते न शिकते तोच लग्न होते. मग फोन भावाकडून नवऱ्याकडे जातो. तिचे प्रमाणपत्र माहेरच्या ट्रंकेत राहते, आणि सहा महिने हात लागला नाही की शिकलेलेही जाते.

मुलीच्या हाती फोन का देत नाहीत, याचे कारण आईबाप स्पष्ट सांगतात: मुलगी बिघडेल. मुलगा दिवसभर फोनवर काय पाहतो याची चौकशी कुणी करीत नाही. शिक्षणाने बाई बिघडते ही भीती महाराष्ट्राला नवी नाही. रमाबाई रानडे लिहा-वाचायला, पुढे इंग्रजी शिकू लागल्या तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना किती छळले, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या काळी भय पुस्तकाचे होते, आज फोनचे आहे.

मात्र ही भीती सगळीच खोटी आहे असे म्हणून मी पुढे जाणार नाही. निदान जळगावात तरी तसे म्हणता येत नाही. १९९४ साली जळगावचे वासनाकांड उघडकीस आले. विद्यार्थिनींना फसवून, त्यांची छायाचित्रे काढून, ती दाखविण्याच्या धाकावर त्यांचे शोषण केले गेले होते. तेव्हा हातोहाती मोबाईल नव्हते, इंटरनेट नव्हते. एक कॅमेरा आणि गावात नाव जाण्याची भीती, एवढे पुरले. राज्यभरच्या महिला संघटना रस्त्यावर आल्या. तरीही तक्रार द्यायला पुढे आलेल्या मुली थोड्याच होत्या, कारण बोलणारीचेच नाव खराब होणार होते. त्या मुलींच्या हाती काही यंत्र होते म्हणून त्या अडकल्या नाहीत. बोलायला जागा नव्हती म्हणून अडकल्या.

आज तोच धाक व्हॉट्सअ‍ॅपवरून दिला जातो, आणि फोटो बनावट असला तरी चालतो. अशा वेळी सोळा वर्षांची मुलगी घरी सांगत नाही. तिला ठाऊक असते की सांगितले तर आधी फोन जाईल, मग शाळा बंद होईल, मग स्थळे पाहायला लागतील. धमकी देणारा मोकळाच राहील. तिचे हे गप्प राहणे हेच त्याचे भांडवल असते. म्हणून मुलीच्या हातून फोन काढून घेणे हा संरक्षणाचा उपाय नाही. तिला कायदा माहीत असणे, पुरावा कसा जपायचा हे ठाऊक असणे, आणि सांगितल्यावर शिक्षा आपल्यालाच होणार नाही याची खात्री असणे, हे संरक्षण आहे. यातली तिसरी गोष्ट कोणत्याही सरकारी अभ्यासक्रमात नाही. ती द्यायची तर बायकांच्या गटालाच द्यावी लागेल.

काही कार्यकर्त्या म्हणतात, हे यंत्राचे काम आपले नव्हे. आपले काम हिंसा, जमीन, मजुरी. मला हे पटत नाही. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियाने आली तेव्हाही असा वाद झाला होता. पुष्कळ ठिकाणी बाई सही करायला शिकली आणि वर्ग बंद पडताच विसरली. पण आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात काय झाले तेही आठवा. तिथल्या साक्षरता वर्गांत दारूमुळे होणारी बायकांची परवड सांगणारा पाठ होता. बायकांनी तो वाचला, आपल्या गावाशी ताडून पाहिला आणि १९९२ मध्ये दुबगुंटाच्या बायकांनी दारूचे दुकान बंद पाडले. चळवळ राज्यभर पसरली, आणि १९९३ मध्ये आंध्र सरकारला अरक बंद करावी लागली. अक्षरे तीच होती. फरक इतकाच की त्या अक्षरांत बायकांचा स्वतःचा प्रश्न होता.

यंत्राला बायका घाबरतात असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन जुने, सारखे बंद पडणारे, दुरुस्तीचा खर्च अंगावर, आणि पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत. 'आम्हाला येत नाही' असे म्हणून त्या रडत बसल्या नाहीत. आम्हाला चालणारा फोन द्या, आमच्या भाषेत द्या, अशी त्यांची मागणी होती. डिजिटल शिक्षणाबद्दलचा सर्वांत समंजस मुद्दा माझ्या मते या सेविकांनीच मांडला: बाईला शिकवायचे तर यंत्रालाही बाईची भाषा आली पाहिजे. रावेर-यावल-चोपड्याच्या वरच्या पट्ट्यातल्या, शिरपूरच्या सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी मुलींसाठी तर पुस्तकी मराठीसुद्धा दुसरी भाषा आहे, आणि नेटवर्क टेकडीवर गेल्याशिवाय लागत नाही. त्यांना शहरातला अभ्यासक्रम जसाच्या तसा देणे म्हणजे पुन्हा त्यांनाच नापास ठरविणे होय.

तेव्हा आपल्या गटांनी काय करावे? काही गोष्टी सुचविते.

एक : यंत्र गटाचे असावे. बचत गटांकडे, महिला मंडळांकडे थोडा निधी असतो. त्यातून दोन-तीन फोन किंवा एखादा जुना संगणक घेऊन तो गटाच्या मालकीचा ठेवावा. समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत, मुलींना घरून निघता येईल अशा वेळी रोज अर्धा तास तो त्यांच्या हाती असावा. वीस तास शिकून वर्षभर हात न लावण्यापेक्षा हे बरे. कापूस वेचणीच्या आणि केळी कापणीच्या दिवसांत वर्गाची वेळ बदलावी. मुली येत नाहीत म्हणून वर्ग बंद करू नये.

दोन : नंबर आपला असावा. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलीने आपल्या नावावर सिमकार्ड घ्यावे, आणि तोच नंबर आधारला व बँक खात्याला जोडावा. आधारचा मोबाईल नंबर आधार केंद्रावर स्वतः जाऊन, बोटांचे ठसे देऊन व थोडे शुल्क भरून बदलता येतो. त्याला नवऱ्याची, सासऱ्याची संमती लागत नाही. गटातल्या दहा जणींनी एकाच दिवशी एकत्र जाऊन हे करावे. एकटीला घरातून विरोध होतो, दहा जणींना तितका होत नाही. आणि पासवर्ड, पिन हे चिठ्ठीवर लिहून सेतूवाल्याकडे ठेवायचे नसतात, हे पहिल्याच दिवशी शिकवावे.

तीन : धडा आपल्या प्रश्नाचा असावा. मुलींना ईमेल उघडायला जरूर शिकवा, पण पहिला धडा सातबाऱ्याचा घ्या. महाभूलेखच्या संकेतस्थळावर आपल्या गावचा, आपल्या गटाचा उतारा उघडायला लावा आणि त्यात आईचे नाव शोधायला सांगा. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि केंद्राने २००५ मध्ये. नाव का नाही, हा प्रश्न मुलगी मग स्वतःच विचारील. दुसरा धडा शिष्यवृत्तीचा: महाडीबीटीवर आपला अर्ज आपण भरणे. तिसरा, रेशनकार्डावर आपल्या घराचे किती धान्य मंजूर आहे ते पाहणे. ज्या दिवशी एखादी मुलगी गल्लीतल्या चार आयाबायांचे असे काम करून देते, त्या दिवसापासून तिच्या हातातल्या फोनला घरात मान मिळू लागतो.

चार : धमकीबद्दल उघड बोलावे. वर्ग सुरू करतानाच मुलींना सांगावे की असे काही झाले तर इथे येऊन सांगायचे, आणि इथून ते तिच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. पैसे द्यायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवायचे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, आणि कोणत्याही पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवून घेतलीच पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये आहे. चोरून फोटो काढणे व पाठलाग करणे हे गुन्हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आहेत. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदाही आहे. हे सगळे पाठ करायची गरज नाही. गटातल्या दोघींना नीट माहीत असावे आणि ठाण्यात तिच्याबरोबर जायची त्यांची तयारी असावी.

पाच : शिकविणारी गावातलीच असावी, आणि तिला मानधन मिळावे. बारावी झालेल्या, घरी बसलेल्या मुली प्रत्येक गावात आहेत. त्यांना अहिराणी येते, पावरी येते, कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे ते ठाऊक असते. सेवाभावाच्या नावाखाली त्यांच्याकडून फुकट काम करून घ्यायचे, हे आपण तरी करू नये.

यांतले एकही काम मोठ्या निधीअभावी अडणारे नाही. मात्र शासनाची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. बाईच्या योजनेसाठी पुरुषाच्या फोनची अट घालू नये, नेटवर्क नसलेल्या पाड्यांवर कागदी अर्ज स्वीकारावेत, आणि शाळा सोडलेल्या मुलींसाठी प्रत्येक ग्रामपंचायतीत विनाशुल्क वर्ग चालवावा, या मागण्या ग्रामसभांतून ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविता येतील.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. आसोद्याच्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरातल्यांनी ऐकून लिहून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये मुलगा सोपानदेव यांच्या प्रयत्नाने ती छापली गेली. लिहून घेणारे हात मायेचे होते म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. अशा किती बायकांचे बोलणे लिहिणारा हात जवळ नव्हता म्हणून गेले, त्याची मोजदाद नाही. आपल्या मुलींचे शिक्षण, पैसा आणि तक्रार दुसऱ्याच्या मायेवर किंवा मर्जीवर अवलंबून राहू नये, इतकीच ही मागणी आहे.

पुढच्या वेळी एखाद्या कार्यक्रमात 'इतक्या मुलींना डिजिटल साक्षर केले' असा आकडा ऐकाल, तेव्हा उठून तीन प्रश्न विचारा: यांतल्या किती जणींच्या नावावर नंबर आहे? किती जणींचा पासवर्ड त्यांच्या एकटीलाच ठाऊक आहे? आणि लग्नानंतर किती जणींच्या हाती फोन राहिला? हेच प्रश्न आपापल्या गटात, आपापल्या घरीही विचारा आणि जी उत्तरे मिळतील ती आम्हाला लिहून कळवा. नावे नकोत, गावे नकोत, अनुभव हवेत. पुढच्या अंकात ते एकत्र मांडू, आणि त्यावरूनच आपल्या वर्गांचा अभ्यासक्रम ठरवू.